घोडपदेवची बेबी

सुमेधाने आयुष्यात दोन बायकांवर डोळे झाकून विश्वास टाकला होता. एक तिची गुरू, दुसरी मैत्रीण. दोघींनी मिळून तिला फसवलं. एका लहान मुलीच्या भल्यासाठीच केलं, असं दोघी शेवटपर्यंत सांगत राहिल्या. कदाचित त्यांना तसं खरंच वाटतही असेल.

परळला एका जुन्या बंगलीच्या तळमजल्यावर बालसंगोपन मंडळाची कचेरी होती. मृणालिनीताईंनी ती उभी केली होती. ताई विलायतेत शिकून आलेल्या, कडक इस्त्रीची खादी नेसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की आईबाप आजारी पडले, तुरुंगात गेले, तर मुलाने अनाथाश्रमात का जावं? तिथे मूल पोसलं जातं, पण जेवायला ये म्हणून त्याला एकट्याला कोणी हाक मारत नाही. त्यापेक्षा चांगली घरं शोधावीत, मूल काही काळ तिथे ठेवावं, आणि त्याची स्वतःची माणसं सावरली की परत द्यावं. अशा घरांना ताई पालनघर म्हणत. आसपासचे लोक मात्र मंडळाला 'मुलं वाटायची कचेरी' म्हणत.

सुमेधा दादरला भावाकडे राहायची. समाजकार्याचा डिप्लोमा घेऊन ती मंडळात आली तेव्हा तिला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. ताईंनी तिला पहिल्याच महिन्यात जमिनीवर आणलं. चाळीत शिरल्यावर आधी पाणी मागून प्यायचं, मग बोलायचं. खाट दिली तर खाटेवर, नाहीतर बाईच्या शेजारी जमिनीवर बसायचं. मुलाशी बोलताना खोटं कधीच बोलायचं नाही, कारण मोठी माणसं विसरतात, मुलं विसरत नाहीत. हे सगळं तिने ताईंच्या तोंडून ऐकलं आणि मनात कोरून ठेवलं.

पंचावन्न साली श्रावणात घोडपदेवहून राजाराम नावाचा एक गिरणी कामगार कचेरीत आला. त्याची बहीण राधाबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. नवरा भिवा आदल्या वर्षी वारला होता, आणि आता तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. शिवडीच्या इस्पितळात खाट मिळत होती, पण तीन वर्षांच्या पोरीचं काय करायचं? राजाराम स्वतः दहाबारा बाप्यांच्या खोलीत राहायचा. सगळे पाळीपाळीने झोपायचे. तिथे पोर ठेवणार कुठे?

सुमेधा त्याच संध्याकाळी घोडपदेवला गेली. राधाबाई भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून. पोरीला तिने मुद्दाम दाराशी, लांब बसवलं होतं. पोरीचं नाव बेबी. ती सारखी आईकडे सरकायची आणि राधाबाई हाताने "तिकडंच, तिकडंच" म्हणायची.

सुमेधाने पालनघराचं सगळं समजावून सांगितलं. राधाबाईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मी बरी होऊन आले, तर माझी पोर मला मिळंल?"

"मी स्वतः आणून तुमच्या हातात देईन."

"आणि नाय बरी झाले तर?"

"तर राजारामदादांना विचारल्याशिवाय काही होणार नाही."

राधाबाईने मान हलवली. नंतर सुमेधा न्यायला आली तेव्हाही राधाबाईने पोरीला जवळ घेतलं नाही. घ्यायचं नव्हतं, आजारच तसा होता. तिने फक्त पोरीच्या पेटीकोटाची नाडी सुटली होती ती सुमेधाला बांधायला सांगितली.

घर मिळालं ते गिरगावात, ठाकुरद्वाराच्या पलीकडच्या गल्लीत. कमलाकांत धैर्यवान सॉलिसिटर होते. जुनं प्रभू कुटुंब, पिढ्यान् पिढ्या मुंबईचं, दुमजली स्वतःचं घर, दिवाणखान्यात झुंबर. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मंडळाला वर्गणी द्यायच्या, तेवढीच ओळख. सुमेधाने त्यांना काही लपवलं नाही. मुलगी कोणाची, कुठल्या वस्तीतली, कुठल्या जातीची, आईला काय झालंय, सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की मुलगी आई बरी होईपर्यंतच इथे आहे.

यशोदाबाई हसून म्हणाल्या, "जातीचं मला कशाला सांगतेस? माझ्या घरात सगळ्यांचे हात सारखेच धुतले जातात."

हे वाक्य सुमेधाला इतकं आवडलं, की तिने ते ताईंना, भावाला, वहिनीला, सगळ्यांना सांगितलं.

बेबी तिथे रमली. पहिले काही दिवस ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. मग हळूहळू वर गेली. यशोदाबाईंना ती 'माई' म्हणायला लागली. दर आठवड्याला सुमेधा तिला बघायला जायची आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासात निघायची. पण यशोदाबाई सोडायच्या नाहीत. कोळंबीचं भानोलं केलंय, खाऊन जा. चहा टाकलाय. बस जरा. दोघींच्या वयात दहा-बारा वर्षांचं अंतर, तरी त्यांची गट्टी जमली. सुमेधाला मोठी बहीण नव्हती. यशोदाबाई तिच्या यशोदाताई झाल्या.

तेव्हा मुंबई पेटली होती. नोव्हेंबरात फोर्टात गोळीबार झाला, जानेवारीत तर गिरगाव-लालबागच्या गल्ल्यागल्ल्यांत. यशोदाबाईंच्या गच्चीवर बायकांच्या बैठका व्हायला लागल्या. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची भाषा दिल्लीत चालली होती आणि गच्चीवर बसलेल्या बायका दात-ओठ खात होत्या. यशोदाबाई चांगलं बोलायच्या. "ज्यांनी हे शहर घामाने उभं केलं, त्यांना विचारल्याशिवाय ते दुसऱ्याला देऊन टाकायचं, हा कुठला न्याय?" असं त्या म्हणाल्या की बायका टाळ्या वाजवायच्या. सुमेधाही वाजवायची. बेबी मधे बसून चणेफुटाणे खायची.

सत्याग्रहाच्या तुकड्या जायला लागल्या तेव्हा दोघींनी ठरवलं, एकाच तुकडीत जायचं. सुमेधाने ताईंना विचारलं. ताईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "जा तू. अशी वेळ पुन्हा येत नाही. तुझी घरं मी सांभाळते."

ज्या दिवशी निघायचं, त्या दिवशी सकाळी यशोदाबाईंचा निरोप आला. बेबीला ताप भरलाय, मला येता येत नाही, तू मात्र थांबू नकोस. सुमेधा एकटीच गेली. घोषणा दिल्या, पोलिसांच्या गाडीत बसली, शिक्षा झाली. तुरुंगात तिला एकच रुखरुख होती, बेबीचा ताप उतरला असेल की नाही.

सुटून आली त्या दिवशी कचेरीत छोटा समारंभ झाला. ताईंनी तिच्या गळ्यात हार घातला. "आमच्या मंडळाला हिचा अभिमान आहे," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी तिला खोलीत बोलावून सांगितलं, की गिरगावचं घर आता स्थिरावलंय, तिथे तुझी गरज नाही. लालबाग आणि वरळीकडे नवी घरं बघायची आहेत, ती तू घे.

सुमेधाला वाईट वाटलं, पण तिने ते कामाचंच समजलं. गिरगावला ती मैत्रीण म्हणून जात राहिली. मधून मधून काही खटकायचं. एकदा गेली तर पोरगी 'लीला' म्हटल्यावर मागे वळून बघत होती. "शाळेत घालायची तर जरा नीट नाव हवं ना," यशोदाबाई म्हणाल्या. पुढे केव्हातरी 'माई'चं 'आई' झालं. "मुलं ऐकतात तसं म्हणतात. मी काय तोंड दाबू तिचं?" सुमेधाही हसली. तिच्या मनात पाल चुकचुकली असेल, पण मैत्रिणीच्या घरात बसून मैत्रिणीवर संशय घ्यायला ती शिकलेली नव्हती.

शिवडीला ती राधाबाईकडे जायची. मूल तिथे न्यायला परवानगी नव्हती, म्हणून बेबीच्या गमतीच तेवढ्या न्यायची. ती आता सगळे आकडे म्हणते, तिचे केस खांद्यापर्यंत आले, तिला कोळंबी आवडते. राधाबाई एकेक गोष्ट दोनदोनदा सांगायला लावायची. नवी औषधं आली होती, सुया आणि गोळ्या, आणि राधाबाईला ती मानवली होती. आदल्या वर्षी जिला उठून बसता येत नव्हतं, ती आता शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची वेणी घालून द्यायची. एकदा सुमेधाने ताईंना म्हटलं, की मुलीला इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभी करते, आईला गॅलरीतून लांबून तरी दिसेल. ताईंनी नको म्हटलं. मुलीच्या मनाला त्रास होईल. सुमेधाने तेही मानलं.

छप्पनच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. राजाराम दादरच्या त्या गर्दीत होता, तिथेच त्याने दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या खाटेपाशी येऊन त्याने तिला सगळं सांगितलं. राधाबाईने विचारलं, "आता मी पन बौद्धच ना?" तो म्हणाला, "तू पन आनि बेबी पन."

सत्तावन्नच्या निवडणुका झाल्या. संयुक्त महाराष्ट्र समितीने गिरणगावात झाडून सगळ्या जागा मारल्या. रस्त्यात गुलाल पडला होता, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी राधाबाईला सांगितलं, की तू आता घरी जाऊ शकतेस. रोग थांबलाय, मूल जवळ घ्यायला हरकत नाही.

सुमेधा शिवडीहून थेट कचेरीत आली. ताई एकट्याच होत्या. तिने आनंदाने सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग बेबीला कधी आणू?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बस सुमेधा," त्या म्हणाल्या. "ती मुलगी आता परत देता येणार नाही. धैर्यवानांना कोर्टाकडून तिचं पालकत्व मिळालंय."

सुमेधाला आधी कळलंच नाही. "कधी?"

"वर्ष झालं. गेल्या वर्षी, तू आत होतीस तेव्हा."

"पण आई जिवंत आहे. कोर्टाने आईला विचारलं नाही?"

"मी सांगितलं कोर्टाला. आई बरी होण्यासारखी नाही, तिची संमती आहे, आणि नातेवाइकांत मूल सांभाळणारं कोणी नाही."

"तिची संमती नव्हती, ताई."

"तेव्हा ती मरणारच होती. सगळे डॉक्टर तेच म्हणत होते."

"आणि राजाराम?"

 "तो आला होता इथे, तू नसताना. भाचीची चौकशी करायला. मी त्याला सांगितलं, मुलगी सुखात आहे, नंतर ये. तू विचार कर, त्याच्या खोलीत मुलगी ठेवणार होतीस तू? आपण मुलाचं हित बघायचं असतं. हे मीच तुला शिकवलंय ना?"

"मला का नाही सांगितलंत?"

"कारण तू राधाबाईला शब्द देऊन बसली होतीस," ताई म्हणाल्या. "आणि तू तो पाळला असतास."

सुमेधा उठून बाहेर आली. कचेरीच्या पायरीवर उभं राहून तिने कितीतरी वेळ समोरच्या इराण्याच्या हॉटेलाची पाटी वाचली. अक्षरं दिसत होती, पण वाचून काय झालं ते सांगता आलं नसतं. मग ती गिरगावला गेली.

यशोदाबाई दाराशीच भेटल्या. तिचा चेहरा बघताच त्यांना कळलं. त्यांनी तिला आत नेलं, मुलीला वरच्या मजल्यावर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"ताईंनी सांगितलं का?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? मी दर आठवड्याला इथे येत होते, यशोदाताई. तुमच्या पंक्तीला जेवत होते."

"रोज सांगणार होते. जीभ वळली नाही."

"त्या दिवशी बेबीला ताप होता का?"

यशोदाबाईंनी खाली बघितलं. "नव्हता. कोर्टाची तारीख त्याच आठवड्यात होती. ह्यांनी सांगितलं, तू बाहेर असलीस तर गोंधळ घालशील."

  तुरुंगात ज्या तापाची सुमेधाने इतकी काळजी केली, तो ताप आलाच नव्हता.

"तिची आई बरी झालीय," ती म्हणाली. "ती मूल मागतेय."

"मी तिची आई आहे," यशोदाबाई म्हणाल्या. आता त्यांचा स्वर बदलला. "तिला माझ्याशिवाय झोप येत नाही. ती शाळेत जाते, पेटी शिकते. तिला उद्या कोणी विचारणार नाही, तू कुठली, कोणाची. आम्ही तिला आमचं नाव दिलंय. आणि तू तिला परत घोडपदेवला नेऊन काय करणार? पुन्हा तेच सगळं तिच्या कपाळी मारणार?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, जातीचं मला सांगू नकोस?"

"हो, आणि मी ते पाळलं. मी तिच्यात जात ठेवलीच नाही."

त्या घरात आल्यापासून सुमेधाला पहिल्यांदा त्या बाईची भीती वाटली. ती जायला निघाली. जिन्याच्या वर मुलगी कठड्यावरून वाकून बघत होती. सुमेधाला बघून तिने हात हलवला. सुमेधाने हात हलवला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्याचं वाईट वाटत राहिलं.

राधाबाईला सांगणं सगळ्यात कठीण होतं. ती घोडपदेवच्या खोलीत परत आली होती. चूल सारवली होती. खिडकीत एक छोटी कंगवा-पावडरची डबी ठेवली होती, मुलीसाठी. राजारामही आला होता. सुमेधा जमिनीवर बसली, पाणी मागितलं नाही, आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही.

राधाबाई रडली नाही. तिने विचारलं, "तुमाला ठाव नव्हतं?"

"नाही."

"दर आठवड्याला तिकडं जात व्हता आनि ठाव नव्हतं?"

 सुमेधाला जे सुचलं ते तिला स्वतःलाच पटण्यासारखं नव्हतं.

राजाराम म्हणाला, "मी गेलो व्हतो हापिसात. मोठ्या बाई गोड बोलल्या. चहा पन दिला. मला वाटलं, चहा दिला म्हनजे सगळं बरं हाय." 

राधाबाई उठली. खिडकीतली डबी तिने आत ट्रंकेत ठेवली. मग म्हणाली, "मला कोर्टात जायाचंय."

युनियनच्या ओळखीने एक वकील मिळाला. सुमेधाने मंडळाचा राजीनामा दिला. ताईंनी तो घेतला, आणि तिला जिन्यापर्यंत सोडायला आल्या, जशा नेहमी येत. "तू मोठी चूक करते आहेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या एका हट्टापायी उद्या कोणी घर देणार नाही. इतर मुलांचा विचार कर." हे खोटं नव्हतं. सुमेधाला ते माहीत होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

खटला वर्षभराहून अधिक चालला. तारखा पडत गेल्या. सुमेधाने दादरला एका शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि रजा घेऊन कोर्टात जायला लागली. घरी भावाने बोलणं टाकलं. कमलाकांतांना तो ओळखत होता, त्यांच्याकडून त्याची कामं व्हायची.

ताई साक्षीला उभ्या राहिल्या त्या दिवशी कोर्टात बरेच लोक होते. ताई नेहमीच्याच शांत आवाजात बोलल्या. "आमची ही कार्यकर्ती तरुण आहे, भावनाशील आहे. त्या काळात ती आंदोलनात पडली, आम्हाला न जुमानता तुरुंगात गेली. तिच्या जबाबदारीची मुलं वाऱ्यावर होती. अशा वेळी ह्या मुलीला कायमचं घर मिळवून देणं मंडळाचं कर्तव्य होतं."

सुमेधा बाकावर बसून ऐकत होती. तिच्या गळ्यातल्या हाराचा वास तिला आठवला, झेंडूचा आणि ओल्या दोऱ्याचा. "आम्हाला न जुमानता" हे शब्द ताईंनी एकदाही न अडखळता म्हटले. ताईंनी आपल्याला शिकवलेलं सगळं खरं होतं, पण ताई खऱ्या नव्हत्या, हे तिला त्या बाकावर बसल्याबसल्या कळलं. आणि मग ज्या चाळींत ती त्यांच्या शिकवणीवर विश्वास ठेवून पाणी मागून प्यायली होती, त्या सगळ्या चाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

तिची साक्ष साधी होती. मी आईला हा शब्द दिला होता, ताईंना तो माहीत होता, धैर्यवानांना तो माहीत होता. धैर्यवानांच्या वकिलाने तिला विचारलं, "तुम्हीच म्हणत होतात ना, की मुलगी इतकी आनंदात कधीच नव्हती?"

"हो, म्हणत होते."

"मग आता तिला तिथून का काढता?"

"कारण तिची आई तिला कोणाला देऊन टाकायला गेली नव्हती. ती बरी व्हायला गेली होती."

राजारामने साक्ष दिली, शिवडीच्या डॉक्टरांनी दिली. आईची संमती कोणी कधी घेतली, हे ताईंना सांगता आलं नाही. एकोणसाठ सालच्या सुरुवातीला निकाल लागला. पालकत्व रद्द झालं. मुलगी आईकडे द्यायची होती.

मुलगी आता सातव्या वर्षात होती.

राधाबाई गिरगावच्या त्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी राजारामबरोबर उभी राहिली आणि सुमेधा आत गेली. कमलाकांत बाहेर गेले होते की मुद्दाम गेले होते, कोण जाणे. यशोदाबाईंनी मुलीला फ्रॉक घालून, वेणी घालून तयार ठेवलं होतं. जिन्यापाशी ट्रंक होती. त्या सुमेधाशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त मुलीचे हात त्यांच्या कमरेभोवती होते, ते एकेक करून सोडवले.

मुलगी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मी काय केलं, आई?"

यशोदाबाई आत निघून गेल्या. सुमेधा खाली वाकली आणि मुलीला म्हणाली, "तू काही केलं नाहीस." मुलगी ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिली.

गल्लीच्या तोंडाशी राधाबाईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला. मुलगी मागे सरकली. राधाबाईने हात तसाच परत घेतला आणि ट्रंक उचलली. राजाराम टॅक्सी बघायला गेला. 

सुमेधा दर रविवारी जात राहिली. मुलगी आधी काही खायची नाही, मग नुसता भात खायला लागली. 'बेबी' म्हटलं तर वळायची नाही, 'लीला' म्हटलं तर रडायची, म्हणून चाळीतल्या बायका तिला नुसतंच "अगं पोरी" म्हणायच्या. राधाबाई गिरणीत परत लागली होती. संध्याकाळी दमून आली तरी ती मुलीच्या शेजारी बसून राहायची. 

एका रविवारी सुमेधा उठायला लागली तेव्हा राधाबाई तिच्याबरोबर बाहेर गॅलरीत आली. दार मागे ओढून घेतलं.

"बाई, राग मानू नका. आता येत जाऊ नका."

सुमेधाने तिच्याकडे बघितलं.

"तुमी माझ्यासाठी लई केलंत. नोकरी सोडलीत. मला ठाव हाय सगळं. पन तुमी आलात की ती ट्रंकेपाशी जाऊन बसते. तिला वाटतं, न्यायला आलात. पयल्यांदा इथनं तुमीच नेलीत, मग तिथनं पन तुमीच नेलीत. तुमी गेल्यावर दोन दिस ती कुनाशी बोलत नाय."

"मी तिला समजावून सांगितलं तर?"

"तुमचं तिला खरं वाटनार नाय," राधाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माझं पन अजून वाटत नाय. पन मी इथंच हाय. माझं वाटंल हळूहळू."

सुमेधाने मान हलवली. आत बघायचा तिला मोह झाला, पण तिने बघितलं नाही. राजाराम तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने पेरू घेतला, अर्धा तिला दिला, आणि कसलं तरी गिरणीतलं बोलत राहिला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र झाला. पावसाळ्यात गिरगावातल्या महिलांनी सत्याग्रहात गेलेल्या बायकांचा सत्कार ठरवला. आमंत्रण यशोदाबाईंच्या सहीने आलं होतं. सुमेधा गेली नाही. शाळेत मुलींनी फळ्यावर नकाशा काढला होता, त्यावर ती त्यांच्याबरोबर रंगीत खडूने मुंबई भरत बसली.

राजाराम कधीमधी शाळेच्या फाटकाशी भेटायचा. तिला विचारावं लागत नसे, तोच सांगायचा. एकदा म्हणाला, "परवा पोर नळावर भांडली. शेजारच्या पोरीला ढकलून दिलं, तिचा घडाच फुटला. राधानं पाठीत असा धपाटा घातला, की मला वाटलं, आता ही पळून जाते. तर कुठली? राधाच्याच कमरंला मिठी मारून रडत बसली."

"मग?"

"मग काय, राधा पन रडली."

सुमेधा हसली. मधली सुटी संपल्याची घंटा झाली होती आणि मुली दंगा करत आत शिरत होत्या. राजारामला पाळी गाठायची होती, तो निघाला. तिने त्याला काही निरोप दिला नाही. देण्यासारखा तिच्याकडे होता, पण तो तिथे कोणाला नको होता, हे तिला कळत होतं. ती वर्गाकडे वळली.